खुनाची तारीख कोणती धरायची?

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दोन आठवड्यांपूर्वी आपल्या रविवार पुरवणीत ऐतिहासिक रहस्यकथांवर लेख आला होता. लेख मन लावून लिहिलेला आहे, याबद्दल शंका नाही. पण त्यात एक मुद्दा असा होता की शिडाच्या जहाजावर झालेला खून, त्याचा तपास आणि आरमारी न्यायासनापुढचा खटला हा प्रकार इंग्रजीतच शोभतो. आपल्याकडे आरमार होते ते लढायांपुरते, त्याच्या न्यायनिवाड्याची गोष्ट मराठीत रुजायची नाही. जाता जाता विदर्भातल्या वाचकाचाही उल्लेख होता. ज्याच्या घरापासून समुद्र आठशे किलोमीटरवर, त्याला गलबतावरच्या खुनाचे काय पडले आहे, असा त्याचा अर्थ. ते वाचून मी पेपर घडी करून ठेवला आणि संध्याकाळी पुन्हा उघडला. चार दिवस तेच डोक्यात होते, म्हणून हे पत्र.

मी नागपूरच्या महाल भागातला. बडकस चौकाच्या मागे आमचे घर. १९८१ साली, अठरा वर्षांचा असताना, नौदलात भरती झालो आणि ओडिशात आयएनएस चिल्का इथे शिकायला गेलो. समुद्र मी पहिल्यांदा तिकडेच पाहिला. पुढे रायटर शाखा मिळाली. रायटर म्हणजे जहाजाच्या ऑफिसातला कारकून. पगारपत्रके, रजेचे अर्ज, बदलीचे हुकूम, आणि कोणाच्या हातून गुन्हा घडला तर त्याचे आरोपपत्र, साक्षी, निकाल हे सगळे टाइप करणारा माणूस. पंधरा वर्षे ते काम केले. परत आल्यावर वीसेक वर्षे इथे एका वकिलांकडे टंकलेखक होतो. गुन्ह्याची गोष्ट कागदावर उतरताना काय काय होते ते मी असे जन्मभर जवळून पाहिले आहे. त्या अनुभवावर सांगतो, आरमारी रहस्यकथा मराठीत लिहिता येईल. काही बाबतींत तर ती मराठीतच जास्त चांगली जमेल.

आधी विदर्भ आणि समुद्र यांचे पाहू. १७५१ मध्ये बंगालच्या नवाबाशी झालेल्या तहाने ओडिशा नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८०३ च्या डिसेंबरात देवगावच्या तहाने तो इंग्रजांकडे गेला. बावन्न वर्षे नागपूरच्या राज्याला समुद्रकिनारा होता. पुरीचा किनारा आपला, बालासोरचे बंदर आपले. महालातून निघालेला हुकूम कटकच्या सुभेदाराकडे जाई आणि त्या सुभेदाराच्या दारात मीठवाले, नावाडी, जहाजांचे दलाल उभे असत. ज्या चिल्का सरोवराच्या काठी मी पहाटे पाचला ड्रिल केली तो मुलूख एके काळी माझ्याच गावाचा होता, हे मला तिथे कोणी सांगितले नाही. निवृत्तीनंतर एका दुपारी वाचनालयात ते वाचले. मे महिना होता, कूलरच्या ताट्यांना वाळ्याचा वास होता, आणि मी ते पान उघडे ठेवून बराच वेळ नुसता बसून राहिलो.

आता अशी गोष्ट मनात आणा. बालासोरजवळ ओहोटीला एक जहाज वाळूत रुतले आहे. जहाज इंग्रज कंपनीचे. शेजारी ओल्या वाळूत एक खलाशी पालथा पडला आहे, पाठीत सुरीचा वार. खलाशी चितगावचा. वाळू भोसल्यांची. कॅप्टन म्हणतो, माणूस माझ्या जहाजावरचा, न्याय मी करणार. सुभेदाराचा कारकून म्हणतो, प्रेत आमच्या जमिनीवर सापडले. ही नुसती हुज्जत नाही. जुन्या इंग्रजी कायद्यात भरतीची रेघ आणि ओहोटीची रेघ यांच्यामधल्या पट्ट्यावर दोन न्यायालयांचा अंमल होता: पाणी चढलेले असेल तेव्हा आरमारी न्यायालयाचा, पाणी उतरलेले असेल तेव्हा जमिनीवरच्या न्यायालयाचा. म्हणजे वार झाला त्या घटकेला तिथे पाणी होते की वाळू होती, हे आधी ठरवायचे. भोसल्यांना तो कायदा लागू नव्हता हे उघड आहे. पण कॅप्टनच्या डोक्यात तोच असणार आणि तो त्याच हिशेबाने बोलणार. समोरचा नागपूरचा कारकून ज्याला भरती-ओहोटीचे गणित येत नाही, तो गावातल्या एखाद्या नावाड्याला हाताशी धरून ते शिकेल. मला ही गोष्ट वाचायला आवडेल. माझ्या ओळखीच्या दहा जणांना तरी आवडेल, आणि ते सगळे इथलेच आहेत.

कागद नाहीत, असेही लेखात म्हटले होते. आपल्याकडे कागद नाहीत असे कसे म्हणता येईल? पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल बांधून ठेवलेले आहेत. वादी-प्रतिवादीची तकरीर म्हणजे जबानी, प्रकरणाचा करीना म्हणजे हकीकत, गोताने बसून केलेला महजर म्हणजे निवाड्याचा कागद, जिंकणाऱ्याला मिळणारे जयपत्र, त्याच्याकडून घेतलेली हरकी म्हणजे नजराणा, हरणाऱ्याकडून घेतलेली गुन्हेगारी म्हणजे दंड. साक्षीपुराव्याने निकाल लागेना तेव्हा दिव्य, उकळत्या तेलातून धातूचा रवा काढायचा. यातले बहुतेक खटले वतनांचे आणि जमिनीचे आहेत, हे मान्य. पण न्याय करण्याची ही पद्धत आणि ते शब्द लेखकाला आयते मिळतात. सरखेलांच्या, म्हणजे आंग्र्यांच्या, गलबतावरचा तांडेल गुन्ह्यात सापडला तर त्याची जबानी घेणारा कारकून याच पद्धतीत वाढलेला असणार. तेव्हा त्या कारकुनाला कथेचा नायक करा, एवढेच मला म्हणायचे आहे.

कारकून का, ते सांगतो. त्यासाठी तारखेची गंमत समजून घ्यावी लागेल.

१७२१ च्या डिसेंबरात मुंबईकर इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर कान्होजी आंग्र्यांविरुद्ध चढाई केली. इंग्लंडच्या राजाच्या आरमाराची जहाजे घेऊन कमोडोर टॉमस मॅथ्यूज आला होता. चढाई फसली. समजा त्या दिवसांत एका रात्री नऊ वाजता इंग्रजांच्या जहाजावर खून झाला. तारीख कोणती? मुंबईच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या पत्रात ती १३ डिसेंबर असेल. जहाजाच्या लॉगबुकात ती १४ असेल, कारण आरमारात दिवस दुपारी बाराला सुरू होई आणि तो जमिनीवरच्या दिवसाच्या बारा तास पुढे चाले. ही रीत १८०५ पर्यंत होती. बाजूलाच नांगरलेल्या पोर्तुगीज जहाजावर ती २४ असेल, कारण पोर्तुगीजांनी नवे ग्रेगरियन कॅलेंडर कधीच घेतले होते आणि इंग्रज १७५२ पर्यंत जुन्यालाच धरून बसले होते, दोघांत अकरा दिवसांचे अंतर. किनाऱ्यावर आंग्र्यांच्या कारकुनाने पत्रावर छ घालून मुसलमानी महिन्याची तारीख लिहिली तर ती सूर्यास्तालाच बदललेली असेल. आणि त्याच्या शेजारच्या भटजीच्या पंचांगात मात्र सकाळी सूर्योदयाला जी तिथी होती तीच अजून चालू आहे.

एकच रात्र आणि तिचे हे पाच हिशेब. दिवस कोणाकडे मध्यरात्री उलटतो, कोणाकडे दुपारी, कोणाकडे सांजेला, कोणाकडे उजाडताना. एखादा संशयित म्हणाला, मी चौदा तारखेच्या रात्री मुंबईत होतो, साक्षीदार आहेत, तर तो खरे बोलूनही सुटत नाही, आणि खोटे बोलूनही सापडत नाही. हे कोडे उलगडायला तलवारबाज कामाचा नाही. तीन दफ्तरांचे कागद शेजारी ठेवून वाचणारा माणूस लागतो. आणि पाचही पद्धती ज्याच्या नित्याच्या वापरातल्या असाव्यात असा माणूस इंग्रजी कथेत ओढून आणावा लागेल. आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर तो होताच. व्यापाऱ्यांचे दस्तक लिहिणारा, फिरंग्यांची पत्रे वाचून घेणारा, पंचांग पाहून मुहूर्त सांगणारा.

वेळेचा असा घोळ मी स्वतः एकदा पाहिला आहे. तो सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमचे जहाज मुंबईहून पश्चिमेला निघाले होते. पश्चिमेला जाताना जहाजाची घड्याळे मधूनमधून मागे घेतात. त्या रात्री एक वाजता ती साडेबारावर आणायची होती, तसे संध्याकाळी स्पीकरवर सांगितले होते. सकाळी कळले की कॅन्टीनच्या डब्यातले तीनशे चाळीस रुपये गेले आणि कुलूप तुटले आहे. कॅन्टीन सांभाळणारा रात्री हिशेब लावायला गेला होता, त्याने कुलूप तुटलेले पाहिले ००४५ ला, म्हणजे पाऊण वाजता. घाबरून तो सकाळपर्यंत कोणाशी बोलला नाही. पहारेकऱ्याच्या रजिस्टरात नोंद होती की एक नवा कुक ००३५ ला त्या बोळातून जाताना दिसला. पोरगा एकोणीस वर्षांचा. विचारल्यावर त्याने कबूल केले की हो, गेलो होतो, पाणी प्यायला. झाले. कुलूप तुटलेले दिसण्याच्या दहा मिनिटे आधी हा तिथे होता, एवढे पुरे होते. दोन दिवसांनी त्याला टेबलासमोर उभे करायचे ठरले. टोपी काढायचा हुकूम होतो, आरोपी उघड्या डोक्याने ताठ उभा राहतो, आणि आरोप वाचला जातो. मी अशी कितीतरी पोरे पाहिली आहेत. हाताची बोटे पँटच्या शिवणीला घट्ट लागलेली असतात, आणि अंगठा तेवढा हलत असतो.

साक्षी टाइप करायचे काम माझ्याकडे होते. वरिष्ठांनी रजिस्टरातली ती एक ओळ लिहून पाठवली होती, तेवढीच उतरवायची. पण माझी सवय अशी की मूळ पान समोर असल्याशिवाय मी उतरवत नसे. रजिस्टर मागवले. निळ्या शाईतले पान, एका कोपऱ्यावर चहाचा डाग. ००५० ची नोंद होती, पंप तपासल्याची. तिच्याखालची ओळ होती ००३५ ची. वेळ मागे गेली होती. मी ते पान दोनदा पाहिले आणि माझ्या पोटात गोळा आला. पहारेकऱ्याने एक वाजता घड्याळ मागे घेतले होते आणि नंतर पाच मिनिटांनी हा पोरगा दिसला म्हणून नव्या वेळेने ००३५ लिहिले होते. कॅन्टीनवाल्याने सांगितलेली पाऊण वाजताची वेळ त्याच्या मनगटावरच्या घड्याळाची, जे त्याने सकाळी उठल्यावर मागे केले. म्हणजे जुन्या वेळेने पोरगा बोळात आला एक वाजून पाच मिनिटांनी, कुलूप तुटलेले दिसल्याला वीस मिनिटे होऊन गेल्यावर.

मी पान घेऊन अधिकाऱ्यांकडे गेलो. ते काही बोलले नाहीत, आपले घड्याळ काढून टेबलावर ठेवले आणि दोन्ही जबान्या शेजारी ठेवून बोटाने ओळी मोजल्या. पोराला त्यांनी सोडले. पैसे कोणी घेतले ते शेवटपर्यंत कळले नाही. पोरगा पुढच्या बंदरात माझ्यासाठी लिमलेटच्या गोळ्यांचा पुडा घेऊन आला होता, ते आठवते.

तेव्हा कोणी मला सांगतो की आरमारातल्या गुन्ह्याच्या कथेत थरार तोफांचा असतो, तेव्हा मला ते निळ्या शाईचे पान दिसते.

एक मराठीतच सुचणारे कोडेही मला फार दिवस छळते आहे. जुन्या महजरांवर लिहिता न येणारे लोक सहीऐवजी आपल्या धंद्याचे हत्यार काढत. पाटील नांगर काढी. कागदावर मग लिहिलेले असते, निशाणी नांगर. आता खलाशाच्या भाषेतही नांगरच, तो जहाजाचा. मूळ कागदावर चित्र आहे तोवर अडचण नाही, शेताचा नांगर वेगळा दिसतो आणि लोखंडी वेगळा. पण मूळ कागद जळाला आणि हाती राहिली ती नक्कल, तर नक्कल करणारा चित्र काढत बसत नाही, तो नुसते 'निशाणी नांगर' लिहून मोकळा होतो. खुनाच्या रात्री साक्ष देणारा माणूस गावचा पाटील होता की गलबतावरचा खलाशी? एका शब्दावर फाशी किंवा सुटका. दुसऱ्या कोणत्या भाषेत हे जमेल? हे मी माझ्याजवळ ठेवून काय करू, ज्याला वापरायचे त्याने खुशाल वापरावे.

लेखकांना एक कळकळीची विनंती आहे. आरमारी न्यायाबद्दल लिहिताना तो नीट समजून घ्या. मी वाचलेल्या बऱ्याच गोष्टींत कॅप्टन संध्याकाळी खुनी पकडतो आणि सकाळी डोलकाठीवर लटकवतो. इंग्रजी आरमारात तसे नव्हते. कॅप्टन फटके मारवू शके, आणि ते तो मारवी, नऊ शेपट्यांच्या चाबकाने, सगळ्यांना डेकवर उभे करून. पण खुनाचा आरोप आला की हात बांधलेले. त्यासाठी कोर्ट मार्शल लागे आणि कोर्ट मार्शलला किमान पाच अधिकारी लागत, तेही जहाजांचे कमांड असलेले. एवढी जहाजे एका बंदरात गोळा होईपर्यंत आरोपी बेड्यांत. हिंदी महासागरात याला महिने लागू शकत. त्या महिन्यांत बेड्यांतल्या माणसाला जेवण कोण देतो, त्याच्याशी कोण बोलतो, साक्षीदारांपैकी कोण तापाने मरतो, कोण बंदरावर उतरून पळून जातो, कोणाच्या मनात काय बदलते. कादंबरी तिथे आहे.

पळून गेला, मेला, उतरवला, हे सगळे जहाजाच्या हजेरीपटात एकेका अक्षराने लिहीत. मेलेल्या खलाशाचे कपडे, सुरी, पेटी यांचा डोलकाठीजवळ लिलाव होई आणि कोणी काय किती किमतीला घेतले तेही त्याच पटात चढे. म्हणजे मेलेल्याची सुरी आज कोणाच्या कमरेला आहे हे कारकुनाला पान उलटून सांगता येते. कोर्टात मत घेताना सर्वांत कनिष्ठ अधिकाऱ्याला आधी बोलायला लावत, वरिष्ठांचे ऐकून त्याने मान डोलावू नये म्हणून. या रीतीत केवढे नाट्य आहे पाहा. सगळ्यांत लहान माणूस, समोर त्याची बढती ज्यांच्या हातात आहे ते चार जण, आणि त्याला पहिला शब्द उच्चारायचा आहे. आरोपी अधिकारी असला तर त्याची तलवार टेबलावर आडवी ठेवत. निकालानंतर तो आत आला की तलवारीच्या टोकावरून त्याला कळे. टोक त्याच्याकडे, तर दोषी.

वर कमोडोर मॅथ्यूजचे नाव आले. कुलाब्याहून हात हलवत गेलेला हा माणूस पुढे अॅडमिरल झाला आणि १७४४ च्या तुलाँच्या लढाईनंतर त्याच्यावरच कोर्ट मार्शल झाले. त्याला आरमारातून काढून टाकले. त्या खटल्यांचा एवढा गवगवा झाला की १७४९ मध्ये पार्लमेंटने आरमारी कायदा कडक केला. हयगयीला मृत्युदंड, दुसरी शिक्षाच नाही. त्या कायद्यात पहिला मोठा मासा सापडला तो अॅडमिरल बिंग. तो ज्या लढाईपायी सापडला ती मिनोर्काची लढाई मे १७५६ मधली, म्हणजे वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग घेतला त्यानंतर तीन महिन्यांनी. कोर्टाने बिंगला भित्रेपणातून निर्दोष सोडले, हयगयीसाठी दोषी धरले, आणि दयेची शिफारसही केली. दया झाली नाही. १४ मार्च १७५७ ला पोर्टस्मथला जहाजाच्या डेकवर त्याला गोळ्या घातल्या. रुमाल टाकून त्याने स्वतःच इशारा दिला. न्यायाधीशांना दुसरी शिक्षा देण्याची मुभा मिळाली ती १७७९ मध्ये. अलिबागच्या पाण्यात जो मॅथ्यूज हरला त्याच्यापासून ही साखळी सुरू करता येते. आपल्या किनाऱ्याचा आणि त्या न्यायाचा संबंध नाही, असे कोणी म्हणू नये.

आणखी एक तारीख नागपूरकरांसाठी. १२ ऑक्टोबर १८१७ ला मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली सागवानी फ्रिगेट ट्रिंकोमाली पाण्यात उतरली. ती आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर उभी आहे. दीड महिन्याने, २६ आणि २७ नोव्हेंबरला, आपल्या सीताबर्डीच्या टेकड्यांवर अप्पासाहेब भोसल्यांची फौज इंग्रजांशी लढून हरली. किल्ला वर्षातून दोन-तीन दिवस लोकांना उघडतात, तेव्हा मी नातीला घेऊन जातो. गेल्या सव्वीस जानेवारीला तिने वर उभे राहून विचारले, आबा, इथून समुद्र कोणत्या बाजूला? मी तिला दोन्ही दाखवले. एक पश्चिमेला, गोदीचा. एक पूर्वेला, बालासोरचा.

१९४६ च्या फेब्रुवारीतले नाविकांचे बंड, मुंबईच्या 'तलवार' या नाविक तळावरून १८ तारखेला पेटलेले, हाही असाच न उघडलेला विषय आहे. त्याआधी भिंतींवर घोषणा कोणी रंगवल्या याचा गोऱ्या अधिकाऱ्यांनी केलेला तपास म्हणजे उलट्या बाजूने लिहिलेली रहस्यकथाच. वाचकाला मनापासून वाटते की गुन्हेगार सापडू नये. आणि नौदल अधिकारी नानावटींवरच्या १९५९ च्या खून खटल्यावर सगळ्यांनी प्रेम आणि मत्सर एवढेच लिहिले. नौदलाच्या कोठडीत ठेवायचे की तुरुंगात, राज्यपालांचा हुकूम मोठा की सर्वोच्च न्यायालय, हा जो खरा आरमारी प्रश्न त्यात होता त्याच्याकडे कथाकारांनी पाहिले नाही. माझ्या वकील साहेबांनी तो निकाल मला पूर्ण वाचायला लावला होता, तेव्हा मी रात्री दोनपर्यंत जागा होतो.

आपल्याला विनंती अशी. दिवाळी अंकासाठी किंवा रविवार पुरवणीत क्रमशः, एक आरमारी रहस्यकथा मराठी लेखकाकडून लिहवून घ्या. भाषांतर नको. शब्द आपल्याकडे आहेत: गुराब, गलबत, शिबाड, मचवा, सारंग, तांडेल, नाखवा, सुकाणू. ते तळटीप न देता वापरा, वाचक दोन पानांत शिकतो. लेखक कोकणातलाच पाहिजे असा हट्ट धरू नका. आणि कोणा तरुण लेखकाला किंवा लेखिकेला पहारे, नोंदवह्या, आरोपपत्र, साक्षीचा क्रम यातले काही तपासून हवे असेल तर मी आनंदाने पाहून देईन, पैसे नकोत. आमचे सात-आठ जणांचे वाचक मंडळ दर रविवारी सकाळी तर्री-पोहे झाल्यावर बसते, तिथे कच्चा खर्डा वाचून दाखवला तरी चालेल. मंडळात दोन निवृत्त मास्तर आहेत, एक मोडी वाचणाऱ्या बाई आहेत. चुका मात्र त्या तोंडावर सांगतात.

माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिलेला आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त नौसैनिक (रायटर शाखा)
महाल, नागपूर